स्नॅग लिहायचा तर नीट लिहा की राव

कोल्हापूरला आलो की कुणीतरी विचारतंच, विमानं टेस्ट करता म्हणजे नक्की करता काय? लोकांना वाटतं वर जाऊन कोलांट्या मारत असतील, पण निम्मं काम कागदावरच असतं. टेस्ट फ्लाइटमध्ये जे काय बिघडलं किंवा नुसतं विचित्र वाटलं त्याला आमच्यात स्नॅग म्हणतात, आणि बिघाडावरनं होत नाहीत तेवढी भांडणं तो लिहिलाय कसा यावरनं होतात.

उद्यमनगरात आमच्या दाजींचं गॅरेज आहे, गिऱ्हाईक म्हणतं 'गाडी खडखडतीय, बघा जरा', दाजी स्वतः एक चक्कर मारून येतात आणि विषय संपला. आमच्याकडं ती सोय नाही. उडवणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा, आणि त्याच्या हातात तुमच्या त्या दोन ओळीच.

म्हणून रजिस्टरमध्ये 'हायड्रॉलिक पंप खराब' एवढंच दिसलं की डोकं फिरतं. पंप खराब आहे हे तुला कुणी सांगितलं बाबा? तू बघितलास तो गेजचा काटा, मग तेच लिही की... 8000 फूट, 180 नॉट, गिअर म्हणजे चाकं खाली घेताना प्रेशर 3000 वरनं 2200 पीएसआयला आलं, पाचेक सेकंदांत परत वर गेलं, वॉर्निंग लाइट लागली नाही, परत गिअर वर-खाली केला तर परत तसंच. आता ते पंपामुळं असेल, अक्युम्युलेटरमुळं (प्रेशर साठवून ठेवणारी टाकी) असेल, सेन्सर असेल नाहीतर एखादी वायर. तू पंप लिहिलंस की पंप बदलतात आणि पुढच्या फ्लाइटला काटा परत तिथंच.

आणि वेळ टाका हो! रेकॉर्डिंगवर खूण टाकणारं इव्हेंट बटण दाबलं, नीपॅडवर, म्हणजे मांडीला बांधलेल्या पॅडवर, वेळ खरडली की डेटात ती जागा लगेच सापडते, नाहीतर इन्स्ट्रुमेंटेशनची पोरं रात्रीपर्यंत ग्राफ चाळत बसतात.

'कंट्रोल जरा जड वाटतात' हा अजून एक प्रकार, जरा म्हणजे किती? त्यासाठी विमान हाताळायला कसंय त्याला पायलटनं आकडा द्यायची कूपर-हार्पर स्केल आहे, 1969 च्या नासाच्या रिपोर्टमधली, 1 म्हणजे झकास आणि 10 म्हणजे विमान हातात राहत नाही. पण नुसतं '4' सांगून मोकळं होणारे पण आहेत, कुठलं काम करताना 4, मेहनत किती पडली, काहीच नाही.

पायलटलाच बोलतोय असं नको. सगळ्यात जास्त चीड येते ती दुरुस्तीवाल्यांच्या 'चेक्ड अँड फाउंड सर्व्हिसेबल', म्हणजे 'तपासलं, सगळं ठीक आहे', या उत्तराची. 30000 फुटांवर बाहेर उणे 44 अंशांच्या आसपास असतं, कनेक्टर आकसतो, वर थरथर वेगळी, आणि तुम्ही बेंगलोरच्या उन्हात प्लग हलवून ओके मारता. असला स्नॅग बंद करू नये, वॉचवर, म्हणजे नजरेखाली, ठेवावा, काय काय तपासलं ते लिहावं आणि पुढच्या पायलटला उडायच्या आधी गाठून सांगावं. डिब्रीफला, म्हणजे फ्लाइटनंतरच्या बैठकीला, पायलट आणि दुरुस्त करणारा दोघं समोरासमोर बसले तर पायलट हातवारे करून जे दाखवतो ना, 'असं असं हललं', त्यातनंच निम्मा उलगडा होतो. शेड्यूल मागं पडलं की पहिली कात्री मात्र त्या डिब्रीफलाच लागते, आणि हे मला आजवर पटलेलं नाही.