ओनर्स फाईल झाडून काढताना

कुबर्नेटीससारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढली की भार आपोआप वाटला जातो, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात कोड पाठवणारे वाढतात, तपासणारे तेवढेच राहतात. आमच्या भागात पुल रिक्वेस्टी, म्हणजे कोडमध्ये बदल घेण्याच्या विनंत्या, तुंबल्या तेव्हा नवी माणसं शोधण्याआधी आम्ही ओनर्स फाईल उघडली. दुखणं तिथेच होतं.

कोडच्या ज्या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) ही फाईल असते, तिचे रिव्ह्यूअर म्हणजे तपासणारे आणि अप्रूव्हर म्हणजे मंजुरी देणारे यांची नावं तिच्यात असतात. पुल रिक्वेस्ट आली की प्रॉ हा बॉट त्यातून सहसा दोघांना नेमतो. कोण नोकरी बदलून गेलंय, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! दहातली सहा नावं नुसतीच नावापुरती असली, तर बऱ्याच पुल रिक्वेस्टी दोन गैरहजरांच्या दारात पडून राहतात. मग पाठवणारा वैतागून स्लॅकवर कुणाला तरी गाठतो, आणि तो 'कुणीतरी' दर वेळी एकच असतो. थकतो तो हाच.

आधी डेव्हस्टॅट्सवर, म्हणजे प्रकल्पातल्या कामाची आकडेवारी दाखवणाऱ्या साइटवर, मागच्या 12 महिन्यांतले रिव्ह्यू पाहिले. कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, मोजू नका. भरपूर कोड लिहिणारा दुसऱ्याचा कोड तपासतोच असं नाही. मग ज्याचं नाव काढायचं त्याला खासगी निरोप आणि 2 आठवड्यांची मुदत. आपलं नाव उडाल्याचं थेट पुल रिक्वेस्टीत दिसलं तर कुणालाही लागेलच. अप्रूव्हरचं नाव पुसायचं नाही, 'इमेरिटस अप्रूव्हर्स' (माजी अप्रूव्हर) खाली हलवायचं.

फसगत होते ती इथे: फाईलमधून नाव गेलं, पण ओनर्स अलायसेस या गटांच्या वेगळ्या फाईलमधल्या गटात राहिलं, तर बॉट त्यालाच नेमत राहतो. दुसरं, एखाद्या डिरेक्टरीतला एकमेव अप्रूव्हर काढलात, तर मंजुरीचं काम वरच्या डिरेक्टरीतल्यांवर जातं. म्हणजे आधीच वाकलेल्यांच्या पाठीवर आणखी एक गोणी. रिव्ह्यूअर कमी पडले तरी तेच, बॉट अप्रूव्हरांना ओढतो.

म्हणून रिकाम्या जागा लगेच भरा. रिव्ह्यूअर व्हायला किमान 3 महिन्यांचं सदस्यत्व, 5 पुल रिक्वेस्टींवर मुख्य रिव्ह्यूअर आणि तपासलेल्या किंवा मर्ज झालेल्या (कोडमध्ये सामील झालेल्या) 20 भरीव पुल रिक्वेस्टी लागतात. हे पूर्ण करूनही संकोचाने न विचारणारे बरेच असतात. त्यांना आपणच विचारायचं.

सुट्टीवर जाताना गिटहबवर 'बिझी' लावलं की बॉट आपल्याला वगळतो, पण प्रॉच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू असेल तरच. निघण्याआधी तपासून घ्या.