अकरावा दिवस

नागपूरले हेअर ट्रान्सप्लांट करून आज 11 दिवस झाले. सकाळी माय कोमट पाण्यानं हळूहळू खपल्या भिजवत होती अन् तिच्या बोटाले खपलीसंगं बारीक केस चिकटलेला दिसला तं घाबरलीच, म्हणे पैसे पाण्यात गेले का रे पोरा. म्हटलं माय, हे केस गळतेतच, मूळ आत राह्यते, 3-4 महिन्यानं नवे निघतेत, पूरं दिसाले वर्ष लागते. चौथ्या दिवशी कपाळ डोळ्यापर्यंत सुजलं तवा मी बी भेलो होतो, उंच उशी घेऊन उताणा झोपलो, उतरली सूज. पण कोणाले करायचं असन तं हंगाम सोडून करा राजेहो, मले उन्हात जाता येत नाही अन् कापूस फुटून पडला, आजही बाबा एकटेच वावरात गेले.