पिंप आणलंय का गं?

मुंबईत विद्यापीठाजवळचं कलिन्याचं हॉस्टेल सोडून वाकोल्याला राहायला गेलो तेव्हा जून संपत आला होता. पाऊस असा की छोट्या हत्तीत मागे बसलेला हमाल सामानापेक्षा ताडपत्रीच सांभाळत होता. जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर वन आरके, लिफ्ट नाही. राहणाऱ्या तिघी: मी मिरजेची, एक लातूरची आणि एक बदलापूरची. बदलापूरवालीने बीएस्सीची तीन वर्षं रोज लोकलमध्ये उभ्याने काढली होती. एमएस्सीला तिने घरी सांगून टाकलं, आता मी जवळ राहणार.

सामान वर येत असताना शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. कुकर गेला, मिक्सर गेला, बदलापूरवालीचा रंगीत दिव्यांचा हार गेला. शेवटी त्यांनी विचारलं, "पिंप आणलंय का गं?"

पिंप नव्हतं. आईने कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलेल्या यादीत पोळपाट-लाटणं होतं, कुकरची जास्तीची रिंग होती, ज्वारीचं पीठ होतं. महालक्ष्मी एक्सप्रेसने मी दोन बॅगा आणि एक पोतं घेऊन आले होते. पण आईच्या घरी गच्चीवर टाकी आहे आणि हॉस्टेलात नळ सोडला की पाणी यायचं. पाण्याला वेळ असते हे माहीत होतं, पण दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट म्हणून. काकूंनी सांगितलं, पाणी पावणेसहाला येतं, सव्वासातला जातं, संध्याकाळचं नशिबावर. त्या रात्री तिघींनी मिळून दीड बादलीत भागवलं. भांडी घासायची राहिली.

दुसऱ्या दिवशी निळं, शंभर लिटरचं, झाकणाचं पिंप आणलं. नळाला लावायला हिरवी नळी घ्यायला गेले तर हार्डवेअरवाल्याने विचारलं, "अर्धा इंची की पाऊण?" मला नळाला इंच असतात हेच नवीन. अंदाजाने पाऊण घेतली. सकाळी पावणेसहाला नळी नळावर चढवली, पिंपात सोडली आणि पाच मिनिटं पडावं म्हणून आडवी झाले. नळी केव्हा सुटली कळलंच नाही. जाग आली ती दार वाजण्याने. खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर उभे, "पोरींनो, आमच्या स्वयंपाकघरात गळतंय." मोरीचं पाणी उंबरा ओलांडून खोलीत आलेलं, लातूरवालीच्या चपला तरंगत होत्या आणि ती मात्र गाढ झोपेत. तेव्हापासून अर्धा इंची नळी, वर लोखंडी क्लिप आणि ज्या दिवशी जिची पाण्याची पाळी तिने मोरीच्या दारात स्टूल टाकून बसायचं. पेपरात मी आता आधी मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला साठा बघते. मिरजेत असताना भातसा नि मोडकसागर ही नावं मला भूगोलाच्या पेपरापुरतीच माहीत होती.

पैशांचं सांगते, कारण ते कुणी आधी नीट सांगत नाही. भाडं २२,०००. तीन महिन्यांचं डिपॉझिट ६६,०००. एजंटला एक महिन्याचं भाडं. म्हणजे किल्ली हातात येईपर्यंत १,१०,००० गेले, तिघींत प्रत्येकी साडेछत्तीस हजारांच्या वर, आणि घरात अजून बल्बसुद्धा नाही. हे शब्दशः. आधीचे भाडेकरू जाताना होल्डरमधले बल्ब काढून घेऊन गेले होते. पहिल्या संध्याकाळी आम्ही मोबाईलच्या उजेडात मॅगी खाल्ली.

करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स. तो रजिस्टर करणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. आमच्या एजंटने मात्र "रजिस्ट्रेशनचे पाच हजार" असं तोंडी सांगून टाकलं. लातूरवालीचे वडील तहसील कार्यालयात कारकून, त्यांनी फोनवरून हिशोब काढून दिला: अकरा महिन्यांचं भाडं, अधिक डिपॉझिटवर दहा टक्के दराने धरलेलं व्याज, त्या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. आमची ६२० रुपयांच्या आसपास आली. शहरात नोंदणी फी १,०००. बाकीचे पैसे लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणाऱ्या माणसाच्या मेहनतीचे. त्याला द्यावेत, पण किती ते आधी ठरवून. आकडा ऐकल्यावर एजंट अडीच हजारांवर आला आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यायची असते, तेही घरमालकानेच, ऑनलाइन होतं. आमच्या मालककाकांच्या मागे लागून आम्ही ते करून घेतलं.

पोरींना घर पटकन मिळतं म्हणतात. मिळतं, नियमांसकट. रात्री दहानंतर पाहुणे नाहीत, गच्चीवर जायचं नाही, सुकट भाजायची नाही. शेवटचा नियम काकूंनीच पहिल्या रविवारी मोडला आणि आम्हाला वाटीभर आणून दिली.

गॅसचं कोडं निराळं. पाइपचा गॅस बिल्डिंगला नाही. बदलापूरवालीने इंडक्शन आणलं होतं, पण त्याचा प्लग पंधरा अँपियरचा आणि ओट्याजवळ सॉकेट छोटं. म्हणजे घर बघायला जाल तेव्हा नळ सोडून बघता तसं मोठं सॉकेट कुठे आहे तेही बघा. शेवटी पाच किलोचा छोटू सिलिंडर घेतला, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. तिघींचं दोन वेळचं त्यावर कसंबसं तीन आठवडे चालतं. बरोबर कणीक मळताना संपतो.

आणि गादी. हॉस्टेलात लोखंडी खाट होती, त्यामुळे गादी म्हणजे गादी असं माझं मत. इथे फरशीवर टाकून झोपायला लागलो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चादर बदलायला मी गादीचं टोक उचललं तर खालून ती माझ्या अंगाच्या आकाराची ओली, आणि त्यावर काळपट हिरवे ठिपके, मोहरी सांडावी तसे. वास इतके दिवस मला धड न वाळणाऱ्या कपड्यांचा वाटत होता. ती गादी पुढे कधी धड झालीच नाही. उन्हात टाकायला ऊनच नव्हतं. दोन रविवार मोडून जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गेलो, एक लाकडी दिवाण घासाघीस करून आणला, बाकी दोघींनी फळ्यांची घडवंची करून घेतली. पावसाळ्यात येणाऱ्याने कपाट आधी नाही घेतलं तरी चालतं, फरशीपासून चार बोटं वर झोपायची सोय आधी करावी. आईची गोधडी तेवढी वाचली, ती मी दोरीवर पंख्याखाली ठेवत असे.

मीटरचा फोटो पहिल्या दिवशी काढला होता, हे एकच काम आम्ही शहाण्यासारखं केलं. पहिल्या बिलात आधीच्यांचे युनिट होते, फोटो दाखवल्यावर मालककाकांनी मुकाट्याने वळते केले. भिंतीला आधीपासून असलेल्या ओलीचे फोटो काढायचे राहिले. ते डिपॉझिट परत घेताना कळेल.

दिव्यांचा हार अजून लागलेला नाही. खिळा ठोकायची परवानगी नाही.

आता मे चालू आहे. करार पुढे अकरा महिने वाढवतोय, भाडं थोडं वाढलंय. लातूरवालीला पुण्यात नोकरी लागली, ती जूनमध्ये जातेय, त्यामुळे तिसरी शोधतोय. कलिन्याला चालत जाता येतं, दिवाण मिळेल, पिंप आहे. स्वयंपाक येत नसला तरी चालेल. पावणेसहाला उठणारी हवी.