तुम्ही विचारलंत म्हणून : दुसऱ्यांच्या टीव्हीला हात का लावते

‘आली की आधी रिमोट का शोधते ही?’ नाशकात इंदिरानगरपासून मखमलाबादपर्यंत ज्या ज्या घरी आम्ही कार्टून बघायला जमतो, तिथे हे ऐकून झालंय. कुणी हसत विचारतं, कुणी चिडून. एका घरी तर मी येणार म्हटल्यावर रिमोट उशीखाली गेला. आतापर्यंत ‘काही नाही, जरा चित्र नीट करते’ एवढ्यावर भागवलं. आज पूर्ण उत्तर देते. लांबेल, चहा ठेवून या.

ब्राइटनेसला मी हात लावत नाही. भडक रंग तुमचे तुम्हाला लखलाभ. मी बंद करते ती एकच गोष्ट. सॅमसंगच्या टीव्हीत ती ‘पिक्चर क्लॅरिटी’त दडलेली असते, त्यांच्या जुन्या सेटवर ‘ऑटो मोशन प्लस’ म्हणून. एलजीत ती ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, आणि बऱ्याच इतर सेटवर नुसतं ‘एमईएमसी’. नाव काहीही असो, उद्योग एकच : दोन चित्रांच्या मधलं चित्र टीव्ही स्वतःच्या मनाने बनवतो.

सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे 24 चित्रांचा. 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा पडदा ताजा करणारा टीव्ही असेल आणि हे पूर्ण जोरात चालू असेल, तर दर खऱ्या चित्रामागे चार बनावट चित्रं येतात. म्हणजे सेकंदाला 96. साठ हर्ट्झच्या सेटवर हिशोब आणखी तिरपा, कारण 60 ला 24 ने पूर्ण भाग जात नाही. मग सगळी खरी चित्रंही जागच्या जागी बसत नाहीत, काहींच्या जागी त्यांच्या आसपासचं बनावट चित्र दिसतं.

‘मग बिघडलं कुठे? छान लोण्यासारखं सरकतं की.’ क्रिकेटमध्ये सरकू दे. तिथे बॉल दोन फ्रेमच्या मध्ये खरोखर कुठेतरी होता, टीव्ही फक्त अंदाज करतो. कार्टूनमध्ये मधलं काही नसतंच. कुणी काढलेलंच नसतं, आणि बहुतेक वेळा मुद्दाम काढलेलं नसतं.

तवा तोंडावर बसण्याचा प्रसंग घ्या. तवा मागे नेताना आठ-दहा चित्रं, एकमेकांना चिकटून. हात ताणला जातोय हे डोळ्याला कळावं म्हणून. आणि मारताना एक, फार तर दोन. तवा हवेत होता आणि आता तोंडावर आहे, मधला प्रवास नाही. तो नाही म्हणूनच ठणका बसतो. टीव्ही तिथे इमानेइतबारे प्रवास भरून देतो, आणि तवा तोंडावर मारल्यासारखा नाही, ठेवल्यासारखा वाटतो.

याहून वाईट हाल होतात ते स्मिअरचे. झटकन वळणारं पात्र एका फ्रेमपुरतं लांबट, फराटा ओढल्यासारखं काढतात. दोन नाकं, चार हात, काहीही. 1942च्या ‘द डोव्हर बॉइज’ या अमेरिकन कार्टूनमध्ये दिग्दर्शक चक जोन्सच्या मंडळींनी हे इतकं मोकळेपणाने केलं की आजही शिकवताना तेच दाखवतात. चालू सिनेमात ते दिसत नाही, फक्त झटका जाणवतो. टीव्हीची चिप मात्र चित्राचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकडा पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेला ते शोधत बसते. एका नाकाची दोन झाली तर बिचारी कुठे शोधणार? मग ती दोन्ही चित्रं एकमेकांत कालवते. पात्राच्या कडेने पाण्यासारखं जे थरथरतं, ते हेच. प्रत खराब नसते.

आता वन्स आणि टूज. दर फ्रेमला नवं चित्र म्हणजे वन्स. एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर टूज, सेकंदाला 12 चित्रं. तीन फ्रेम धरलं तर थ्रीज, म्हणजे आठ. 1963 साली ओसामू तेझुकांच्या ‘अॅस्ट्रो बॉय’ या कार्टून मालिकेपासून जपानी टीव्हीचा संसार बराचसा यावर चालला. मी स्वतः कैक वर्षं म्हणत आले की टूज म्हणजे काटकसर आणि थ्रीज म्हणजे दारिद्र्य. ‘जुनं ते सोनं, नव्यांना चित्रं काढायचा कंटाळा.’ ते विधान मी मागे घेतलेलं आहे, ज्यांनी लक्षात ठेवलंय त्यांनी विसरावं. टूजवर काढलेली उडी कित्येकदा वन्सपेक्षा चुरचुरीत लागते.

आणि आता तो गंगापूर रोडचा रविवार. लोक प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात तोच असतो, हे मला माहीत आहे.

एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये 55 इंची नवा टीव्ही. आधी ‘स्पायडर-मॅन : इन्टु द स्पायडर-व्हर्स’मधला (2018) जंगलाचा तुकडा, मग युगो साको आणि राम मोहन यांचं 1992चं हाताने काढलेलं रामायण, असा बेत. रामायण नाशकात लावलं की पंचवटी येईपर्यंत कुणी उठत नाही, म्हणून ते शेवटी. जंगलाच्या तुकड्याची गंमत अशी : माइल्स नवशिका स्पायडर-मॅन, त्याला जाळ्यावरून झोके घेणं जमत नाही. पीटर मुरलेला. तर त्याच दृश्यात पीटर वन्सवर हलतो आणि माइल्स टूजवर. एकाच चौकटीत दोन वेग. पोराचा अडखळलेपणा संवादात नाही, फ्रेमच्या मोजणीत आहे. माइल्सला जमायला लागतं तसा तोही वन्सवर येतो.

हे सगळं मी आधी समजावलं, मग तुकडा लावला. पुढच्या खुर्चीवर एक काका होते, ओझरला विमानांच्या कारखान्यात तपासणीत उभी हयात गेलेले. ते म्हणाले, ‘‘ताई, मला तर दोघंही सारखेच झुलताना दिसतायत.’’

मी म्हणाले, ‘‘काका, सवय लागते बघायची. परत बघा.’’

परत लावलं. ‘‘सारखेच आहेत.’’ तिसऱ्यांदा लावलं. तोवर मागून ‘हो हो, दिसतंय की, तो छोटा अडकतोय’ असे आवाज यायला लागले होते. मी त्या आवाजांकडे बघून हसले, आणि ‘काकांना आता आपण चष्मा घेऊन देऊ’ असं काहीतरी बोलले. लोक हसले. काका गप्प बसले. त्या माणसाने आयुष्यभर केसाएवढी चीर शोधायचं काम केलं होतं.

शेवटी एका कॉलेजच्या मुलाने फोन काढला आणि पडदाच स्लो मोशनवर टिपला, 240 फ्रेमने. ही चाचणी कुणालाही घरी करता येते, म्हणून आकडे देते. 240 वर टिपलं तर टूजवरचं एक चित्र 20 फ्रेम जागेवर थांबलेलं दिसायला हवं. वन्सवरचं 10, साठ हर्ट्झच्या पडद्यावर आलटून पालटून 12 आणि 8. आम्ही एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. पीटर दर चार फ्रेमला बदलत होता. म्हणजे पडदा दर वेळी ताजा होताना नवं चित्र, म्हणजे रचलेली चित्रं आलीच. माइल्स जेमतेम दहा-बारा फ्रेम थांबत होता आणि उरलेल्या वेळात टीव्हीने टाकलेल्या छोट्या पायऱ्यांवरून घरंगळत पुढच्या जागी जात होता. उडी हवी होती, तिथे घसरण.

अगदी सारखे नव्हते ते दोघं, हेही लिहून ठेवते. माझं सगळंच चुकलं नव्हतं. पण फरक इतका घासून गेला होता की आधी कुणी सांगितल्याशिवाय तो दिसणं शक्य नव्हतं. ज्यांना ‘दिसला’ त्यांना तो मी सांगितला म्हणून दिसला. मलाही तसाच. मला माहीत होतं, म्हणून मी पडद्यावर नसलेलं बघत होते. पडद्यावर जे होतं ते बघणारा तिथे एकच माणूस होता, आणि त्याला मी चष्मा घेऊन देत होते.

चूक कुठे झाली? आदल्या दिवशी मी स्वतः येऊन सेटिंग बंद केलं होतं. पण तेव्हा पेन ड्राइव्हवरून बघितलं, आणि रविवारी लॅपटॉप एचडीएमआयला जोडला. बऱ्याच टीव्हीत हे सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं असतं, आणि प्रत्येक पिक्चर मोडलाही वेगळं. ‘मूव्ही’मध्ये बंद केलं आणि कुणी ‘स्टँडर्ड’ किंवा ‘व्हिव्हिड’ केलं की ते परत हजर. एचडीआर (जास्त उजळ-गडद छटांचं) चित्र आलं की त्याचा मोड आणखी निराळा. म्हणून ज्या तारेतून बघणार, ती लावून, तो सिनेमा चालू ठेवूनच सेटिंगमध्ये शिरायचं. साधारण रस्ता असा : सेटिंग्ज, पिक्चर, अॅडव्हान्स्ड किंवा एक्स्पर्ट, मग वरच्यापैकी जे नाव असेल ते, ऑफ. ‘कस्टम’ असेल तर ब्लर (पुसटपणा) आणि जडर (अडखळणं) दोन्ही शून्यावर. 2019 नंतरच्या काही सेटवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, त्याने हे सगळं एका फटक्यात होतं. मी तुमच्याकडे येऊन करते ते एवढंच. चाळीस सेकंद लागतात.

हात लावलाच आहे तर शार्पनेसही खाली आणते, कारण शाईच्या रेघेभोवती ती पांढरी किनार काढते. आणि जुनं चौकोनी कार्टून पडदाभर ताणलेलं असेल तर तेही सोडवते. ताणलं तर पात्रं रुंदीला एक तृतीयांश फुगतात; झूम केलं तर उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो, आणि कापले जातात ते बहुतेक पाय. पळापळीच्या कार्टूनमध्ये पायच गेले तर उरलं काय? बाजूच्या काळ्या पट्ट्यांचं इतकं वाईट वाटून घेऊ नका.

‘पण मूळ, मूळ म्हणजे तरी काय?’ हा प्रश्न मात्र मला झोंबतो, कारण तो खरा आहे. दूरदर्शनच्या काळात पाहिलेला वेग हाच खरा, असं मी ठासून सांगायचे. आपलं जुनं प्रसारण सेकंदाला 25 फ्रेमचं. 24च्या फिल्मवरून थेट 25ला चढवलेली प्रत असेल तर ती चार टक्के पळते. सात मिनिटांचं कार्टून सतरा सेकंद आधी संपतं, संगीताचा सूरही जरासा चढतो. म्हणजे ज्या लयीसाठी मी लोकांशी भांडले, ती निदान काही कार्टूनांच्या बाबतीत कुणीच बसवलेली नव्हती. प्रसारणाची प्रत बनताना बसली होती. टीव्हीच्या चिपने केलेलं पाप आणि प्रक्षेपणाने केलेलं चालतं, असं का? मोजलेली चित्रं तरी सगळी खरी होती, एवढंच उत्तर आहे माझ्याकडे, आणि ते मलाच पूर्ण पटत नाही.

शिवाय बंद केलं म्हणजे सगळं गोमटं असंही नाही. साठ हर्ट्झवर 24 फ्रेम बसवताना एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते. कॅमेरा पार्श्वभूमीवरून हळू सरकत असेल तर ते टचटच टोचतं. पार्श्वभूमी वन्सवर सरकतेय आणि पात्र टूजवर चालतंय, असं असेल तर पाय जमिनीवरून घसरल्यासारखे दिसतात. तो दोष मुळातलाच, पण सेटिंग बंद केल्यावर जास्त उघडा पडतो. ‘आधी बरं होतं’ म्हणणारे अगदीच आंधळे नाहीत.

तरीही. आपल्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनी 1913 नंतर बिऱ्हाड-कारखाना नाशकात आणला आणि 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी ठेवायची, एक फ्रेम घ्यायची, काडी किंचित सरकवायची, पुढची फ्रेम. दोन फ्रेमच्या मध्ये काडी हलत नव्हती, फाळक्यांचा हात हलत होता. आजच्या टीव्हीने तिथे मधलं चित्र घातलं, तर तो नेमकं कशाचं चित्र घालतो?

काकांची मी त्याच दिवशी माफी मागितली, सगळ्यांसमोर. सेटिंग बंद करून तुकडा पुन्हा लावला. ते पुढे सरकून बसले, दोनदा बघितलं, आणि म्हणाले, ‘‘आता वेगळे आहेत. छोटा धक्क्याधक्क्याने जातोय.’’ मला वाटलं, जिंकले. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच घरी बोलावलं, नवा टीव्ही लावून द्यायला. मी सगळं बंद केलं. त्यांनी पाच मिनिटं बातम्या बघितल्या, पाच मिनिटं मॅच, आणि मग म्हणाले, ‘‘हे परत चालू कर. मला पळताना नीट दिसायला हवं.’’

मी वाद घातला. त्यांनी ऐकला, आणि तरी चालू करायला लावलं. आता त्यांच्याकडे सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय एकवर आहे, तिथे सगळं लोण्यासारखं. एचडीएमआय दोनवर सगळं बंद. त्या तारेला त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावून वर बॉलपेनने लिहून ठेवलंय : ‘ताईचं कार्टून’.