आमची वाटचाल: टायटर, मायकोप्लाझ्मा आणि दोन शून्यं

बरेच जण विचारतात की लेंटीवायरल वेक्टरच्या (म्हणजे एचआयव्हीपासून बनवलेला, पण रोग न करता पेशीत नवा जीन पोचवणारा वायरस) धंद्यात तुम्ही कसे काय पडलात, तर पडलोच म्हणायचं. मी आणि माझा पीएचडीतला मित्र, दोघंही टी सेलवाले (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर काम करणारे), आणि दोघांचेही निम्मे दिवस दुसऱ्या कुणाकडून वेक्टर यायची वाट बघण्यात जायचे. आला की निम्मा मेलेला. शेवटी म्हटलं आपणच करू. वायरसचे भाग बनवायला लावणारी चार प्लाझ्मिड (डीएनएची गोल कडी), तो वायरस बनवणाऱ्या २९३टी पेशी, डीएनए पेशीत घालणारं पीईआय हे रसायन आणि एक सेकंडहँड बायोसेफ्टी कॅबिनेट (गाळलेल्या हवेचं काम करायचं कपाट), ज्याचा पंखा चालू केला की आधी दोन मिनिटं खोकायचा.

पण माझा खरा जीव अल्ट्रासेंट्रीफ्यूजवर, म्हणजे प्रचंड वेगानं फिरवून वायरस तळाशी बसवणाऱ्या मशीनवर. समोरासमोरच्या बकेटा वजनकाट्यावर तोलून घ्यायच्या, जरा जरी फरक राहिला तरी मशीन कण्हतं, ते कण्हणं मला आता शेजारच्या खोलीतूनही कळतं. पेलेट, म्हणजे खाली बसलेला वायरसचा गोळा, तळाशी दिसतो न दिसतो. नवीन पोरं लगेच पिपेट घेऊन घुसळायला लागतात, फेस आला की निम्मा वायरस गेलाच समजा. थोडं बफर घाला, झाकण लावा, रात्रभर बर्फावर ठेवून घरी जा. आमच्या वायरसवर चढवलेलं व्हीएसव्ही-जीचं (दुसऱ्या एका वायरसच्या प्रोटीनचं) आवरण दणकट म्हणून एवढा मार खातं, एचआयव्हीचं स्वतःचं आवरण ठेवलं असतं तर त्या वेगात टिकलंच नसतं.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना परवानगी देणारी संस्था) किमरियाला मान्यता दिली, आणि एकदम सगळ्यांनाच कार-टी, म्हणजे रुग्णाच्या टी सेलमध्ये असा जीन घालून कॅन्सरवर सोडणं, करायचं होतं. मधली वर्षं बरी गेली, ऑर्डर येत होत्या, पगार होत होते, बस.

मग तो दुसरा वेक्टरवाला आला. नाव घेत नाही. त्याच्या ब्रोशरवर टायटर (एका थेंबात किती वायरस, तो आकडा) आमच्यापेक्षा दोन शून्यं जास्त, आणि गिऱ्हाईक बघतं शून्यं. आता आपल्याला माहितीये तो आकडा कुठून येतो, पी२४ एलायझा (वायरसचं एक प्रोटीन मोजणारी चाचणी) लावला की जिवंत, मेलेले, रिकामे सगळे कण मोजले जातात, वर सुटं तरंगणारं प्रोटीनही मोजलं जातं, आणि त्यातला पेशीत खरंच शिरून जीन बसवणारा शंभरात एक, कधी हजारात एक. आम्ही डायल्यूशन लावतो (वायरस पातळ करत करत पेशींवर घालतो), तीन दिवस थांबतो, फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजणारं यंत्र) वायरसनं आणलेल्या जीनमुळे किती पेशी हिरव्या झाल्या ते मोजतो, आणि त्यातही वीस टक्क्यांहून कमी पेशी हिरव्या झालेल्याच वेल (प्लेटमधले खळगे) हिशोबात धरतो कारण त्याच्या वर एकेका पेशीत दोन-दोन वायरस शिरलेले असतात पण मोजताना ती पेशी एकच दिसते. आकडा लहान येतो. खरा येतो. पण हे सगळं फोनवर परचेसवाल्याला समजावून बघा एकदा.

आणि नेमकं त्याच वर्षी आमच्यावर ते आलं. चूक माझीच, हे इथे लिहून टाकतो. ओळखीच्या एका लॅबनं एक सेल लाइन भेट दिली, आणि मी क्वारंटाइन वगैरे काही न करता ती आपल्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवली, एका रात्रीचा तर प्रश्न म्हणून. मायकोप्लाझ्मा. पेशींमध्ये लपून वाढणारा बारीकसा जिवाणू. मीडिया (पेशींचं पोषक पाणी) गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, सेल वॉलच (पेशीभिंत) नाही म्हणून पेनिसिलिनला भीक घालत नाही, आणि आम्ही ज्या ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून वायरस गाळतो त्यातून तो आरामात पलीकडे जातो. थोडक्यात आमच्या व्हायलमधून (छोट्या बाटलीतून) तो गिऱ्हाइकाच्या टी सेलपर्यंत पोचला.

फोन मॅडमचा आला. मॅडम म्हणजे आमच्या पहिल्या गिऱ्हाईक, पहिली व्हायल त्यांनीच घेतली होती तेव्हा आमच्याकडे धड लेबलसुद्धा नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, माझ्या पेशी वाढत नाहीयेत, तू तुझ्याकडे एकदा बघ." मी हॅहॅ करत म्हटलं मॅडम, अॅक्टिव्हेशन नीट झालं नसेल. (दहातल्या सात तक्रारींचं उत्तर खरंच तेच असतं. झोपलेल्या टी सेलवर एलडीएल रिसेप्टर, म्हणजे व्हीएसव्ही-जी आत शिरायला धरतं तो दरवाजा, फार कमी, व्हीएसव्ही-जी आत शिरणार कुठून? आधी टी सेल जागं करणारा सीडी३-सीडी२८ सिग्नल द्या, पेशींचे झुपके झालेले बघा, मग वायरस घाला आणि मग आम्हाला शिव्या द्या.) त्या म्हणाल्या, "झुपके मी वीस वर्षं बघतेय."

संध्याकाळी होक्स्ट (डीएनए निळा चमकवणारा रंग) लावून बघितलं. न्यूक्लियस निळे दिसायला हवेत, बाकी सगळं काळं. आमच्याकडे न्यूक्लियसच्या बाहेरही निळी भुकटी उडाल्यासारखी पसरलेली. मित्र मागे उभा होता, काही बोलला नाही, दिवा लावला आणि खुर्चीत बसला.

सगळा स्टॉक ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं मारून टाकला, मास्टर बँकेसकट (ज्यातून पुढच्या सगळ्या बॅच निघतात तो गोठवलेला मूळ पेशींचा साठा). एकेका गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन केला, हे मात्र अभिमानानं सांगतो. पुढचे पाच महिने एक व्हायल विकली नाही. त्या दुसऱ्यानं तेवढ्यात आमच्या गिऱ्हाइकांना मेल पाठवले, विषयाच्या ओळीत "मायकोप्लाझ्मा-मुक्त". आमच्या गिऱ्हाइकांतले निम्मे तिकडे गेले, त्यातले काही अजून लग्नाकार्यात भेटले की नजर चुकवतात.

मॅडम थांबल्या. पण फुकटात नाही थांबल्या, दर बॅचला मायकोप्लाझ्माचा पीसीआर रिपोर्ट आधी, व्हायल नंतर, ही अट त्यांची, आता ती आमची सगळ्यांसाठीच आहे. तुम्ही कुणाकडूनही घ्या पण रिपोर्ट मागा, आणि आलेली व्हायल परत परत वितळवू-गोठवू नका हो, लहान लहान भाग करून उणे ऐंशीला टाका, आणि टायटर स्वतःच्या पेशीवर एकदा तरी काढा, २९३टीवरचा आकडा टी सेलवर तसाच उतरत नाही.

पुढच्या वर्षी मॅडमनी कुणालाही न सांगता एक उद्योग केला. आमची आणि त्याची व्हायल, दोन्हीवरची लेबलं काढून क आणि ख लिहिलं, आणि आपल्या विद्यार्थिनीला एकाच डोनरच्या पेशींवर सारखा व्हॉल्यूम घालायला सांगितला. पाच दिवसांनी फ्लो. क ला बारा टक्के पेशी पॉझिटिव्ह, ख ला एक्केचाळीस. ख आम्ही.

प्लॉटचा प्रिंट त्यांनी पुढच्या ऑर्डरसोबत पाठवला, मागे पेन्सिलीनं फक्त "व्हायली वेळेवर पाठव" एवढंच. तो कागद सेंट्रीफ्यूजच्या वर चिकटवलाय. आणि त्या ब्रोशरवर ती दोन शून्यं अजून तशीच आहेत, परवाच बघितली.