जनसुरक्षा विधेयकावर हरकती पाठवल्या, त्याचा अनुभव

सरकारला एखादी संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार देणारं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि समितीने १ एप्रिल २०२५ पर्यंत लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. राजापूर तालुक्यातल्या काही वाड्यांमधून आम्ही त्या लिहून घेतल्या आणि पाठवल्या. असं विधेयक पुन्हा येईल तेव्हा कुणाच्या तरी उपयोगी पडावं, म्हणून हे लिहितो आहोत.

पहिलं काम म्हणजे मूळ मसुदा वाचणं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे सारांश बाजूला ठेवा. छापील मराठी प्रत हाती घ्या आणि आधी व्याख्या व शिक्षा या दोनच ठिकाणी पेन्सिल चालवा. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेच्या सभासदाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. सभासद नाही, पण मदत केली, तर २ वर्षं आणि २ लाख. प्रत्यक्ष बेकायदेशीर कृत्याला ७ वर्षं आणि ५ लाख. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. देवळाच्या सभामंडपात हे नुसते आकडे वाचले की माणसं गप्प होतात. 'मदत' या शब्दात मोर्चाला दिलेली वर्गणी, टेम्पो, उपोषणाच्या मांडवात पोचवलेली पेज हे सगळं येऊ शकतं, असं सांगितलं की मग प्रश्न सुरू होतात.

खरी गोम व्याख्येत आहे. हिंसा, हत्यारं, स्फोटकं यांचा उल्लेख तिथे आहे. त्याला आमची हरकत नव्हती, आणि तसं पत्रात स्पष्ट लिहावं. पण त्याच यादीत सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याचा नुसता 'कल' असलेलं कृत्यही आहे, आणि प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणंही आहे. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बायकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. त्यांच्या हातात हत्यार नव्हतं, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. आणि १९३० साली शिरोड्याला मीठ उचललं गेलं, ती तर उघड अवज्ञाच होती. व्याख्येचे हे शब्द त्या मिठागरावर ठेवून बघा, असं आम्ही प्रत्येक बैठकीत सांगत होतो.

कायद्याचा आधार एकच घेतला, पण नेमका. मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो या १९५२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा असाच अधिकार घटनाबाह्य ठरवला. सरकारचं नुसतं समाधान आणि त्यावर सल्लागार मंडळाचा अभिप्राय, एवढ्यावर संघटना करण्याचा हक्क काढून घेता येत नाही. न्यायालयीन चौकशी हवी. या विधेयकातही सल्लागार मंडळच आहे, त्यामुळे मुद्दा थेट लागू पडत होता. निकालांची जंत्री जोडू नये. एक निकाल आणि त्याचा या कलमाशी संबंध दोन ओळींत, एवढं पुरतं.

पत्र एका पानाचं. वर विधेयकाचं पूर्ण नाव आणि क्रमांक. खाली कलम, त्यातले नेमके शब्द, त्यांनी काय होईल आणि त्याजागी काय हवं. आमच्या एका पत्रातला मजकूर असा होता: “व्याख्येतील ‘किंवा तसा कल असणे’ हे शब्द वगळावेत. शांततेने, विनाशस्त्र केलेला विरोध, धरणे, उपोषण व ग्रामसभेचा ठराव यांचा बेकायदेशीर कृत्यात समावेश होणार नाही, असे स्पष्टीकरण जोडावे.” ‘विधेयक मागे घ्या’ ही मागणी पहिल्या ओळीत जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. समितीचं काम कलमवार चालतं. कलमच नसेल, तर ते पत्र कुठल्या चर्चेत येणार?

इथे आमचं चुकलं. पहिल्या गठ्ठ्यात एकच मजकूर झेरॉक्स करून त्यावर सह्या घेतल्या होत्या. असे शंभर कागद शेवटी एकच हरकत म्हणून वाचले जातात. मग ते बाजूला ठेवले आणि प्रत्येकाला आपला धंदा धरून दोन वाक्यं स्वतःची लिहायला सांगितली. मच्छीमारांनी बंदरावरच्या मोर्चाचं लिहिलं, बागायतदारांनी जमीन मोजणी अडवल्याचं. आजीबाईंनी सांगितलं ते नातवंडांनी उतरवलं, खाली अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही. काही पत्रांवर पूर्ण पत्ता नव्हता, तीही परत फिरवावी लागली.

वेळेचं गणित वेगळंच होतं. शिमग्याला चाकरमानी गावी असतात, पालखी घरोघर फिरते, माणूस भेटतो; सह्या तेव्हाच झाल्या. त्यानंतर आंबा काढणी, म्हणजे बैठक रात्री आठनंतरच. आणि मुदत १ एप्रिलची दिसली तरी ३० मार्चला रविवारी पाडवा, ३१ ला रमजान ईद. खेड्यातल्या पोस्टातून मुंबईला टपाल पोचायला दोन-तीन दिवस धरले, तर २६ मार्च हाच आमचा शेवटचा दिवस होता. सगळं तेव्हाच्या रजिस्टर एडीने, म्हणजे पोचपावतीच्या नोंदणी टपालाने, विधानभवनाच्या पत्त्यावर पाठवलं, मुंबई ४०००३२. साध्या टपालाने पाठवलं तर पोचल्याचा पुरावा राहत नाही.

समितीकडे साडेबारा हजारांच्या आसपास सूचना आल्या. १० जुलै २०२५ रोजी विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत. उद्देशातला ‘व्यक्ती’ हा शब्द गेला आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. सूचनांचा हा परिणाम लहान नाही. व्याख्येतला सैलपणा गेला, असं मात्र आम्ही म्हणणार नाही.

म्हणून प्रत्येक पत्राची झेरॉक्स आणि गुलाबी पोचकार्ड वाडीवार फायलीत लावून ठेवलं आहे. या तरतुदींना न्यायालयात आव्हान देताना, धोका आधीच लेखी कळवला होता, हे दाखवायला तेच कागद लागतील.