सातव्या फ्रेटवरचा सिंथ-बास

१९८०च्या दशकातील हिंदी चित्रपटांची नृत्यगीते वाद्यवृंदात बसवताना बास गिटारवादकाची एक पंचाईत हमखास होते. त्या गाण्यांतील अनेक ठिकाणचा बास मुळात गिटारवर वाजलेलाच नसतो. तो सिंथेसायझरवर वाजलेला असतो आणि रसिकांच्या कानांत त्याचा तो गोल, भरीव, तुटक आवाज इतका पक्का बसलेला असतो की साध्या बास गिटारने तोच पार्ट बिनचूक वाजवला, तरी गाणे उघडे पडते. आमच्या वाद्यवृंदात कीबोर्डवादक एकच, त्याचा उजवा हात ब्रासच्या फटकाऱ्यांत आणि डावा स्ट्रिंग्जच्या पॅडमध्ये अडकलेला; आणि रेकॉर्ड केलेला ट्रॅक मागून सोडायला आमच्या संगीत संयोजकांचा ठाम नकार. त्यामुळे हा भार माझ्याकडे आला आणि त्यासाठी ऑक्टेव्ह पेडल, म्हणजे वाजवलेला स्वर एक सप्तक खाली उतरवणारे पायाशी ठेवायचे उपकरण, निवडण्याची वेळ आली. घरच्या लहानशा अँप्लिफायरवर असा निर्णय घेण्यात अर्थ नसतो, म्हणून वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात कार्यक्रम होता त्या दिवशी साउंड चेकच्या आधीचा मोकळा वेळ मी मागून घेतला.

माझ्यासमोर तीन पेडल होती. पहिले एका ज्येष्ठ वादकमित्राकडून आणलेले बॉसचे तपकिरी ओसी-२. हे १९८२मध्ये बाजारात आले आणि २००३पर्यंत बनत राहिले. दुसरे एमएक्सआरचे बास ऑक्टेव्ह डिलक्स, ज्यात एक सप्तक खालच्या आवाजाचे ‘ग्राउल’ आणि ‘गर्थ’ असे दोन वेगळे बाज स्वतंत्र नॉबवर दिलेले आहेत. तिसरे एक आधुनिक डिजिटल पॉलिफोनिक पेडल, जे एकाच वेळी अनेक स्वर ओळखून ते सगळे अचूकपणे खाली नेते. जुन्या ओसी-२मध्ये जपानी बनावटीचे आणि तैवानी बनावटीचे असा भेद करून पहिल्यासाठी जास्त पैसे मोजणारे पुष्कळ आहेत. रंगमंचावर ड्रम्स सुरू झाल्यावर तो फरक सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मोकळ्या ‘ई’ तारेवरून सुरू होणारा एक पार्ट मी तिन्ही पेडलमधून, मूळ गिटारचा आवाज पूर्ण बंद ठेवून, केवळ खालच्या सप्तकावर वाजवला. ओसी-२ त्या तारेवर डळमळले, आणि त्यात नवल नव्हते. असे अॅनालॉग पेडल तारेच्या कंपनांची आवर्तने मोजते आणि दर दोन आवर्तनांमागे एक या हिशेबाने खालचे सप्तक तयार करते. तार जाड आणि स्वर खालचा असला की मूळ कंपनापेक्षा त्याच्या दुपटीचे उपस्वर वरचढ होतात, मोजणी चुकते आणि स्वर मावळताना गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. एमएक्सआर तुलनेने स्थिर वाटले. पॉलिफोनिक पेडल तर अजिबात चुकले नाही. शेजारच्या मॉनिटर स्पीकरमुळे पायाखालची फळी थरथरत होती आणि निवड झालीच, असे कीबोर्डवादकाने जाहीरही करून टाकले.

मात्र सभागृहाच्या मागच्या बाजूला मिक्सरपाशी बसलेल्या काकांनी हात वर केला.

“अरे, मीटर लालला टेकतंय, पण स्वर कुठाय?”

मी तोच पार्ट पुन्हा वाजवला. काकांनी मान हलवली.

“चाळीसच्या खालचं मी सगळ्यांचंच कापतो. सब तिथे वाजत नाहीत, नुसते धापा टाकतात. तू एक सप्तक वरून वाजव ना.”

बासची मोकळी ‘ई’ तार ४१.२ हर्ट्झवर वाजते. तिच्या खालचे सप्तक २०.६ हर्ट्झवर, म्हणजे मानवी कानाच्या खालच्या सीमेपाशी येते. नाट्यगृहांत येणाऱ्या बहुतेक सब-वूफरचा, म्हणजे काका ज्यांना ‘सब’ म्हणाले त्या खर्जाच्या स्पीकरचा, आवाज ३५-४० हर्ट्झच्या खाली झपाट्याने उतरतो. म्हणजे पेडल जितक्या शुद्धपणे तो खर्ज निर्माण करील, तितका तो प्रेक्षकांपर्यंत कमी पोहोचणार, आणि अँप्लिफायरची शक्ती मात्र त्यातच खर्ची पडणार. काकांच्या सूचनेचे मर्म असे की पेडल बासला आणखी खाली नेण्यासाठी वापरायचेच नाही. पार्ट एक सप्तक वर वाजवायचा, पेडलने तो मूळ जागी आणून ठेवायचा, आणि या प्रवासात तारेचा गुण गळून जाऊन सिंथचा गुण यावा.

मी ‘ए’ तारेच्या सातव्या फ्रेटवर गेलो. तिथला ‘ई’ ८२.४ हर्ट्झचा, तो दुभागला की बरोबर ४१.२ येतो. हाच स्वर ‘डी’ तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरही मिळतो, पण जाड तारेवर वरच्या बाजूला तो अधिक गोल लागतो. गिटारच्या मानेजवळचा पिकअप (तारेचे कंपन टिपणारा भाग) ठेवला आणि टोनचा नॉब जवळपास बंद केला, कारण उपस्वर जितके कमी, तितकी पेडलची मोजणी बिनचूक. ओसी-२ आता ठाम उभे राहिले. एका आवर्तनाला मोकळ्या ‘ई’वर सुमारे २४ मिलिसेकंद लागतात, इथे १२, त्यामुळे स्वर पकडायलाही त्याला कमी वेळ लागत होता, आणि १२०च्या लयीत सोळांश स्वर दर १२५ मिलिसेकंदांनी येत असताना ही बचत बोटांना लगेच कळते.

खरा फरक आवाजाच्या पोतात होता. पॉलिफोनिक पेडल तारेवरचा आघात, तिची झणत्कार आणि तिचे विरणे हे सारे जसेच्या तसे खाली आणते. परिणामी ऐकू येते ती खाली उतरवलेली बास गिटारच. इतर कामासाठी हा मोठा गुण आहे, या कामासाठी नाही. ओसी-२ आधी उपस्वर गाळते, उरलेल्या तरंगाची ध्रुवता आलटून-पालटून उलटवते आणि त्यातून नव्याच उपस्वरांचा चौकोनी धाटणीचा आवाज घडवते. तरीही बोटाचा जोर त्यात उतरतो, कारण उलटवला जातो तो मूळ तरंगच. एमएक्सआर मूळ गिटारच्या आवाजात मिसळून फार सुरेख वाजले, आणि रॉकच्या गाण्यांसाठी मी तेच घेईन. पण केवळ खालच्या सप्तकावर सिंथचा भास निर्माण करण्यात ओसी-२ पुढे होते.

उरलेले काम हातांचे होते. सिंथची कळ दाबलेली असेपर्यंत स्वर टिकतो आणि सोडली की तुटतो. गिटारचा स्वर मात्र हळूहळू विरतो. म्हणून प्रत्येक स्वर विरू लागण्याआधीच डाव्या हाताचे बोट किंचित सैल करून तोडायचा आणि बाकीच्या तारा उजव्या तळहाताने दाबून ठेवायच्या, कारण शेजारची तार जराशी गुंजली तरी एकस्वरी पेडल गोंधळते. पेडलच्या आधी आवाजातील चढउतार समतल करणारा हलका कॉम्प्रेसर आणि नंतर आघाताच्या जोराप्रमाणे आवाज उघडणारा एन्व्हलप फिल्टर लावल्यावर स्वराच्या सुरुवातीला तो ओळखीचा ‘व्वा’ उघडू लागला. संयोजकांनी विंगेतून अंगठा दाखवला. एरवी त्यांची पसंती साधारणपणे मौनातच असते.

त्या रात्रीचा कार्यक्रम उसन्या ओसी-२वर पार पडला. मित्राचे पेडल परत केल्यावर मी बॉसचेच ओसी-५ घेतले. २०२०मध्ये आलेल्या या पेडलच्या व्हिंटेज मोडमध्ये जुन्या ओसी-२चा बाज मिळतो आणि बाससाठी वेगळा स्विचही आहे. यादीतील एका गाण्यात सिंथ-बासचा एकच स्वर चार-चार मात्रा धरून ठेवलेला आहे. तारेवर तो तितका वेळ एकसारख्या जोमाने टिकत नाही, त्यामुळे तेवढे गाणे कीबोर्डवादकाच्या डाव्या हातालाच दिले आहे, आणि त्या वेळी त्याचे पॅड मी उरलेल्या बोटांनी वाजवावे ही त्याची सूचना संयोजकांनी अद्याप विचारात घेतलेली नाही.